पथ्याची वही

औषध एकटा डॉक्टर देतो. पथ्य मात्र सारा गाव सांगतो. माझे दुखणे जाहीर झाले त्याच्या पहिल्याच आठवड्यात मला याचा अनुभव आला. शेजारच्या काकूंनी दही बंद करायला सांगितले. दूधवाल्याने भात बंद करायला सांगितला. यांच्या कचेरीतले एक गृहस्थ केवळ तेवढ्यासाठी घरी आले, दोन कप चहा प्याले आणि "वहिनी, चहा तेवढा सोडा" असे बजावून गेले. धाकट्या नणंदेने फोनवरून टोमॅटो, बटाटा आणि ढोबळी मिरची यांचे एकच कूळ असल्याचे सांगून ते कूळच्या कूळ घराबाहेर काढायला लावले. सासूबाईंचा सारा रोख वांग्यावर होता. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी हिशेब केला, तेव्हा मला खाण्याजोगे असे घरात मीठ आणि पाणी एवढेच उरले होते. आणि मीठही बेताने घ्या, असे कुणीतरी म्हणालेच होते.

दुखण्याचे नाव संधिवात. हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. सत्तरीतल्या आजोबांचे गुडघे जिना चढताना कुरकुरले की तोही संधिवातच. माझा तो नव्हे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो हा. यात सांधे झिजून दुखत नाहीत. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच माणसांना चावावे, त्यातला प्रकार. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटीतिपटीने अधिक होतो. माझ्या बेचाळिसाव्या वर्षी, फाल्गुनात, पुतणीच्या लग्नाहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तो दोन्ही हातांच्या मुठी मिटेनात. बोटांची पेरे सुजून उडदाच्या वड्यांसारखी टम्म झाली होती. चहाच्या डब्याचे झाकण निघेना. नळाची चावी फिरेना. मुलाच्या शाळेच्या सदऱ्याचे बटण लावताना डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी त्याला पाठमोरा उभा केला.

या दुखण्याचा खोडसाळपणा असा की ते सारखे दुखत नाही. तीन आठवडे हात इतके मोकळे असतात की आपल्याला काही झाले होते यावर विश्वास बसू नये. आणि मग एका सकाळी काही कारण नसताना ते उचल खाते. 'काही कारण नसताना' हे मात्र माणसाला सोसत नाही. दुःख सोसवते, पण निष्कारण दुःख सोसवत नाही. मग तो कारण शोधू लागतो. आणि शोधायला सर्वांत जवळची जागा म्हणजे आपले ताट.

ही सवय जुनी आहे. माधवकराच्या 'माधवनिदान' या हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात विरुद्ध आहाराचे नाव कारणांमध्ये अगदी आरंभी येते. माझ्या मालवणच्या आत्याला माधवनिदान ठाऊक नव्हते, पण तिचे सारे आयुष्य त्या एका शब्दावर गेले.

आत्याला हाच आजार होता. मी लहान असताना तिची बोटे करंगळीच्या बाजूला कलू लागली होती, आणि वाऱ्याने एका अंगाला झुकलेल्या माडांसारखी ती दिसत. तिने पथ्य धरले, म्हणजे कसे धरले ते सांगते. एकदा चिंचेची आमटी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मनगट सुजले, चिंच गेली. एकदा दह्यानंतर गुडघा दुखला, दही गेले. मग उडीद, मग वाल, मग बटाटा, मग कोकम. गेलेली वस्तू पुन्हा कधी परत आली नाही. दर वर्षी तिचे ताट लहान होत गेले आणि तिच्याबरोबर तीही. गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने बंद केल्या, कारण कुणा हितचिंतकाने सांगितले, "पथ्य कडक असेल तर औषधाची गरजच काय?" शेवटी मासळीही उष्ण म्हणून गेली. मालवणात राहून मासळी सोडणे म्हणजे काय, हे मालवणच्याच माणसाला कळेल.

२००३ च्या मे महिन्यात मी माहेरी गेले होते. आईने बांगड्याचे तिखले केले होते. तिरफळांचा वास ओटीवर येत होता. आत्या आतल्या खोलीत खाटेवर होती. मी तिच्यासाठी मऊभात घेऊन गेले, तर तिने मला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाली, "बाये, येक तुकडो दी गो."

मी म्हटले, "नको गो आत्ये, तुका बाधात."

"बाधांदे. जिभेक तरी बरा वाटात."

मी दिला नाही. तिच्याच भल्यासाठी दिला नाही. आम्ही सगळीच तिच्या भल्यासाठी तिला काही ना काही देत नव्हतो. त्याच पावसाळ्यात ती गेली.

म्हणून माझ्या हाताची पेरे सुजली, तेव्हा मला दुखण्याइतकीच भीती त्या मऊभाताची वाटली.

औषध सुरू झाले. डॉक्टरबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, मेथोट्रेक्झेट. 'आठवड्यातून एकदा' हे शब्द त्यांनी कागदावर लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि माझ्याकडून वाचून घेतले. कारण चुकून रोज घेतली तर हीच गोळी जीवावर बेतते. या गोळीच्या मुळाशी आपला एक माणूस आहे, हे मला मागाहून कळले. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली १९४० नंतरच्या दशकात हे औषध तयार झाले, ते कर्करोगासाठी. फार लहान मात्रेत ते संधिवाताला आवरते, हे पुढे लक्षात आले. मी रविवार ठरवला. हे दर रविवारी सकाळी वर्तमानपत्राबरोबर गोळी आणून देत.

औषधाने गुण येऊ लागला, तरी मधूनमधून दुखणे उचल खाई. तेव्हा मी वही घातली. शंभर पानी, मुलाच्या शाळेची उरलेली. रोज काय खाल्ले ते लिहायचे आणि हात दुखले की त्या तारखेवर लाल फुली करायची. गणपतीत एक मोठी फुली पडली. दिवाळीत आणखी मोठी. भाऊबीजेनंतर मी ती वही घेऊन विजयी मुद्रेने डॉक्टरबाईंकडे गेले. म्हटले, "आरोपी सापडले. एकूण सात. मुख्य आरोपी चकली."

त्यांनी वही चाळली. "छान ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "पण यात माणूस कुठे आहे? नुसते ताट दिसते. त्या दिवशी झोप किती झाली? काम किती केले? ताप, सर्दी? कुणाशी भांडण? गोळी घेतली होती का?"

मी गप्प. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ही चकली केली कुणी?"

"मी. दुसरे कोण करणार?"

"किती?"

"चार किलो भाजणीच्या. वन्संकडे पाठवायच्या असतात."

"म्हणजे सोऱ्या तुम्ही दाबला. किती वाजेपर्यंत?"

मला आठवले. रात्रीचा एक वाजून गेला होता. आदल्या रात्री अनारसे होते, त्याच्या आदल्या रात्री करंज्या. आठ दिवस मी चार-पाच तासांपलीकडे झोपले नव्हते. मग त्यांनी गणपतीचे पान उघडले. गौरीजेवणाला चाळीस पाने होती. तो रविवार होता. त्या गडबडीत ना यांना गोळीची आठवण राहिली, ना मला. आणि फाल्गुनातल्या त्या पहिल्या हल्ल्यापूर्वी लग्नघरात मी तीन रात्री रुखवत मांडत होते. सासूबाईंना त्या लग्नातली भरली वांगी तेवढी आठवत होती. वांग्यावरचा त्यांचा राग तिथूनच होता.

"चकली खाल्ल्याने दुखले की चकली केल्याने, हे आधी ठरवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती इथे सांगण्याजोगी आहे. हा आजार मुळातच चढतो आणि उतरतो. दुखणे अगदी शिगेला पोचले की माणूस काहीतरी सोडतो. शिगेला पोचलेले दुखणे पुष्कळदा आपोआपही खाली येते. पण श्रेय सोडलेल्या वस्तूला मिळते, आणि ती जन्माची सुटते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला फासावर देतो. माझ्या आत्याच्या ताटातून असे किती कावळे गेले असतील!

"पण म्हणजे खाण्याचा काहीच संबंध नाही?" मी विचारले.

"असे कुठे म्हणाले मी?" त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. १९८६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. दुधाने आपले सांधे सुजतात असे ती म्हणे. त्यांनी तिला दूध आणि इतर पदार्थ कुपीत भरून, कशात काय आहे ते न सांगता दिले. दुधाच्या वेळी खरोखरच सांधे सुजले. तेव्हा कुणाचा संशय हसण्यावारी नेऊ नये. पण अशी परीक्षा घेतल्यावर बहुतेकांचा संशय टिकत नाही, हेही तितकेच खरे. नॉर्वेत १९९१ साली असाच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णांना आठ-दहा दिवस उपासाला ठेवले आणि नंतर वर्षभर, ज्याला जे मानवेल ते पाहून, शाकाहार दिला. त्यांतल्या बऱ्याच जणांना आराम पडला. हे ऐकताना मला आत्या आठवली. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माझे हात उघडतात, असे ती म्हणे, आणि आम्ही ती भाबडी म्हणून हसत असू. ती खोटे बोलत नव्हती. पण उपासाचा गुण जेवण सुरू झाल्यावर बहुधा ओसरतो, आणि उपासावर कुणी जगू शकत नाही. आजाराने आधीच कृश होणाऱ्या अंगाला तर तो परवडतच नाही.

आणि सर्वांत मला लागली ती गोष्ट मासळीची. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत ओमेगा-३ नावाची जी स्निग्ध द्रव्ये असतात, त्यांनी या आजारातली वेदना आणि सकाळचा आखडलेपणा थोडासा कमी होतो, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. थोडासाच, ते औषध नव्हे. पण आत्याने जे शेवटी सोडले आणि मी तिला जे दिले नाही, ते तिला बाधणारे नव्हते. झाला असता तर किंचित फायदाच झाला असता.

दुसरी वही मी डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे घातली. तिला सहा रकाने होते: सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, झोप किती, श्रम किती, मन कसे, औषध घेतले की नाही, आणि शेवटचा रकाना ताटाचा. संशय आलाच तर एका वेळी एकच वस्तू सोडायची, तीही काही आठवडे, आणि मग मुद्दाम पुन्हा खाऊन पाहायची. औषधात मात्र या काळात स्वतःच्या मनाने काडीचा बदल करायचा नाही, असा दंडक होता.

पहिला खटला वांग्याचा. खरे पाहता वांग्याची बाजू आधीच भक्कम होती. आमच्याकडे चंपाषष्ठीपर्यंत वांगे घरात येत नाही. गणपती आणि दिवाळी या दोन्ही वेळी माझे हात सुजले, तेव्हा आरोपी गावातच नव्हता! मी हे सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "ते काही नाही. षष्ठी होऊ दे, मग बघू." आणि चंपाषष्ठी झाल्यावर त्यांनी स्वतःच युक्ती काढली. रोज सकाळी त्या मला थालीपीठ करून देणार. त्यात एक आठवडा भाजलेले वांगे, एक आठवडा दुधी, पण कुठल्या आठवड्यात काय ते सांगणार नाहीत. लसूण आणि मिरची एवढी की चवीने ओळखू येऊ नये. नोंद त्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे करीत आणि मी खोलीत आले की ती भिंतीकडे वळवीत. चार आठवडे हा प्रकार चालला. तिसऱ्या आठवड्यात माझी सकाळची मिनिटे वाढली, आणि मी छातीठोकपणे जाहीर केले, "हे वांगे." महिनाअखेर दिनदर्शिका उलटली. तिसऱ्या आठवड्यात दुधी होता.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "सुटलं हो माझं वांगं," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनीच भरीत केले. हरण्याची ही रीत मला फार आवडली.

वर्षभराच्या वहीतून फार मोठे शोध लागले नाहीत. पावसाळी हवेचा निकाल लागलाच नाही. काही ओल्या दिवसांत हात दुखले, काही दिवसांत नाही. चिंच सुटली, दही सुटले, टोमॅटोही सबळ पुराव्याअभावी सुटला. लाल फुल्या पडल्या त्या मात्र जवळजवळ सगळ्या एकाच घोळक्यात होत्या: जागरणे, पाहुणे, त्यांच्याबरोबर आलेली सर्दी, चुकलेली गोळी, आणि 'राहू द्या, मी करते' हे माझे वाक्य. यांतला नेमका दोषी कोण, हे सांगता येत नाही, कारण ही मंडळी एकाच गाडीतून येतात आणि एकाच गाडीतून जातात. नुसत्या श्रमाने हात दुखले तर ते एकदोन दिवसांच्या विश्रांतीने थांबतात; सगळे मिळून आले, की दुखणे उचल खाते आणि आठ-आठ दिवस बसते, हे मी ओळखायला शिकले. डॉक्टरबाई एका गोष्टीत मात्र कुठलाही खटला चालवायला तयार नव्हत्या, ती म्हणजे तंबाखूचा धूर. ओढणाऱ्याला हा आजार होण्याचा संभव वाढतो, आणि झालेल्याला औषध नीट लागू पडत नाही. आमच्याकडे सिगारेट ओढणारे एकच मामंजी येत; ते आता अंगणात उभे राहतात.

असल्या नोंदींचे मोल काय, असे कुणी विचारील. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली त्यांच्या एका संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली, आणि आश्चर्य असे की कावीळ होताच सांध्यांचे दुखणे थांबले. दुसऱ्याने हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. हेंच यांनी तो लिहून ठेवला, तसेच आणखी रुग्ण पाहिले, गर्भारपणातही बायकांचे सांधे मोकळे होतात हे टिपले, आणि त्या धाग्याने चालत १९४८ साली ते कॉर्टिझोनपर्यंत पोचले. १९५० चे नोबेल पारितोषिक आणखी दोघांबरोबर त्यांना मिळाले. त्या औषधाचे दुष्परिणामही पुढे कळले, ती गोष्ट निराळी. पण कावळा बसला आणि फांदी मोडली, तर कावळ्याला फाशी देणे आणि फांदी जवळून पाहणे, या दोहोंत केवढे अंतर आहे!

आणि माधवनिदान? मी मुद्दाम ते प्रकरण पाहिले. तिथे विरुद्ध आहाराला जोडूनच विरुद्ध चेष्टा म्हटली आहे. चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे, वागणे, हालचाल. नुसते बसून राहणेही त्यांनी वाईटच म्हटले आहे. म्हणजे जुन्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. आपण आहार तेवढा लक्षात ठेवला. कारण तो सोडायला सोपा. वांगे सोडता येते. 'मी करते' सोडवत नाही. रात्री एक वाजेपर्यंत सोऱ्या दाबणाऱ्या बाईला घर सुगरण म्हणते, आणि दहा वाजता झोपणाऱ्या बाईला काय म्हणते, ते मी इथे लिहीत नाही.

गेल्या दिवाळीत भाजणी दोनच किलोची भिजवली. सोऱ्या यांच्या हातात होता. पहिल्या घाण्याच्या चकल्या तुटून त्यांचे शेवेसारखे तुकडे झाले. मुलगा म्हणाला, "बाबा, हा चिवडा आहे का?" सासूबाई पाटावर बसून, मोहन कमी पडले, हात सैल सोड, अशा सूचना देत होत्या. मी खुर्चीवर बसून चकल्या मोजत होते. मला वाटले होते, आपल्याला वाईट वाटेल. थोडे वाटलेही. पंधरा वर्षे माझ्या हातची चकली नावाजलेली होती. वन्संना डबा गेला, तेव्हा त्यांचा फोन आला, "यंदा चकलीला काटा नाही आला, वहिनी." मी सांगितले, "यंदा तुमच्या भावाच्या हातची आहे." पलीकडे क्षणभर कुणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "असं? मग आणखी पाठव."

भाऊबीजेला भाऊ मालवणहून आला. येताना त्याने बर्फात घालून बांगडे आणले आणि आईने दिलेली तिरफळे आणली. त्याच्या बायकोने तिखले केले. मी त्या रात्री वही काढून लिहिले: झोप, काल सात तास. श्रम, बेताचे. गोळी, घेतली. मन, बरे. ताट, भात, सोलकढी, बांगड्याचे तिखले, तुकडे दोन. थोडा वेळ थांबून मी 'दोन'पुढे लिहिले, 'एक आत्याचा'.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे आता मला ठाऊक आहे. तरी पुढची नोंद करून वही मिटते. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटांत हात मोकळे झाले, आणि मी चहाच्या डब्याचे झाकण स्वतःच उघडले.